पाच नंबरच्या टॅबमधला आवाज

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल जवळपास सगळं ठाऊक आहे. कोणती भाजी पाहिली की मी नाक मुरडते, कोणत्या नातेवाइकाचा फोन वाजू देते, झोपेत काय बडबडते. एवढी एक गोष्ट सोडून. आईला सांगायचं ठरवलं होतं, पण ती गेली. आणि शाळेत? शाळेत कुणाला सांगणार? तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुमच्यापाशी तोंड उघडेल. बघते.

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माहेर कारंज्याचं, नोकरी सगळी वाशीम जिल्ह्यातच. हे घडलं तेव्हा मी रिठदकडच्या एका लहान गावात चौथीच्या वर्गावर होते. गावाचं नाव राहू द्या — चूक गावाची नाही.

आमच्या वर्गात बाकं नव्हती. फरशीवर रंगानं संख्यारेषा काढलेली, गोल, चौकोन, शंभरपर्यंतची घरं. मुलं गटागटानं खाली बसायची आणि त्यांच्या पुढ्यात चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, बाटल्यांची झाकणं. रचनावादी वर्ग म्हणतात त्याला. मुलाच्या डोक्यात ज्ञान ओतायचं नाही, मूल वस्तू हाताळत, चुकत, आपसात भांडत स्वतःच ते रचतं — हे त्यातलं तत्त्व. मला ते मनापासून पटलेलं होतं. तालुक्याच्या प्रशिक्षणात मी त्यावर बोलायचे आणि चांगलं बोलायचे. मग गावानं आठ टॅब घेऊन दिले. मागे एक ते आठ आकडे चिकटवले आणि प्रत्येक टॅब तीन-तीन मुलांत वाटून दिला.

टॅबवर गणितं यायची. चार पर्याय, एक मिनिट वेळ. बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं किंवा वेळ संपली की ‘टुंग’ असा आवाज आणि लाल फुली. पण नुसत्या हिरव्या-लालवरून मूल काय शिकलं ते कसं कळणार? हा प्रश्न मीच एका सभेत विचारला होता. उत्तरही मीच शोधलं — मुलांनी गणित सोडवताना माइकचं बटण दाबून रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलायचं. विचार कसा केला त्याची नोंद! लोकांना ते फार आवडलं. शाळा पाहायला पाहुणे यायचे, टॅबशी गप्पा मारणारी पोरं बघायचे, माना डोलवायचे. एकानं विचारलं, ‘मॅडम, हे सगळं तुम्ही ऐकता?’

मी म्हणाले, ‘रोज.’

एकही ऐकलं नव्हतं. एकही नाही! कधी ऐकणार होते? घरी जायची एसटी साडेपाचला, त्याआधी पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, आणि — नाही. मी कारणं सांगायला बसलेली नाही. ऐकलं नव्हतं. मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असत, त्या मोबाईलवर फिरणाऱ्या तयार वाक्यांच्या यादीतून मी उतरवायचे. हुशार मुलांसाठी वेगळी वाक्यं, मधल्यांसाठी वेगळी, मागच्यांसाठी वेगळी. कोण हुशार, कोण मागचं, हे टॅबच्या लाल-हिरव्यावरून ठरे.

तर दुर्गा मागच्यांत होती.

दहा वर्षांची, बारीक, केसांना नेहमी एकच रिबीन — दुसऱ्या वेणीला दोरा. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. दुसरी आणि तिसरी अर्धीअधिक भट्टीवरच गेलेली. चौथीला मात्र मावशीनं तिला गावात ठेवून घेतलं. वाचायला अडखळायची. टॅबवरचा प्रश्न वाचून होईपर्यंतच अर्धं मिनिट जायचं. वर्गात फार बोलत नसे, विचारलं तर खाली बघून हसायची. तिच्या नावापुढे लालच लाल. मी तिच्यावर कधी रागावले नाही. खरं सांगू? मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

फेब्रुवारीत बाहेरून तपासणी पथक यायचं ठरलं. एकेका मुलाला वेगळं बसवून विचारणार. सगळी मुलं ‘प्रगत’ निघाली तर शाळेचं नाव होणार, माझं होणार. सगळी म्हणजे सगळी. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुर्गाला थांबवलं.

‘दुर्गा, उद्या घरीच राहा हं. तुला ताप आहे.’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘मले तं काईच नाई झालं, मॅडम.’

मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं. ते मला अजून हाताला जाणवतं — थंड, जरासं घामट, खेळून आलेल्या पोरीचं कपाळ. हात तसाच ठेवून मी म्हणाले, ‘आहे. अंग तापलंय तुझं. मावशीला सांग, मॅडमनी पाहिलं.’

‘होय,’ ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

मुख्याध्यापकांनी मला असं करायला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हजेरीत तिच्या नावापुढे मी ‘आजारी’ लिहिलं. पथक आलं, मुलं धडाधड बोलली, सगळी प्रगत निघाली. गावानं आमचा सत्कार केला. माझ्या गळ्यात हार घालायला सरपंचबाई स्वतः आल्या.

तुम्हाला वाटत असेल, हाच तो गुन्हा. मीही बरीच वर्षं मनाला तेच सांगत होते. पण असं इतरही करतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. एवढंच असतं तर मी कधीतरी, कुणाजवळ तरी, हसत का होईना बोलून मोकळी झाले असते. मला ज्याबद्दल तोंड उघडता आलं नाही ते एप्रिलमध्ये घडलं.

परीक्षा आटोपल्या होत्या. मुलं दुपारीच घरी गेलेली. टॅबमधली जागा भरली होती, पुढच्या वर्गाला द्यायच्या आधी ते रिकामे करायचे होते. मी फरशीवर बसून एकेक घेत होते. एक, दोन, तीन, चार — उघडायचं, सगळं निवडायचं, काढून टाकायचं. पाच नंबरच्या टॅबवर बोट कुठे चुकून लागलं कोण जाणे, एक रेकॉर्डिंग वाजायला लागलं.

‘मॅडम, पाहा. एक वीट ठेवली मी.’

दुर्गाचा आवाज होता. मी आधी ओळखलाच नाही. इतका ठाम, सरळ आवाज त्या मुलीचा असेल असं वाटलंच नव्हतं मला. मागे झाकणं फरशीवर ठेवल्याचा आवाज येत होता — टक्, टक्. स्क्रीनवरचं गणित मला आठवत होतं. एक, चार, नऊ, सोळा — पुढची संख्या कोणती?

‘हे झाकण नाई, वीट हाये असं समजजा. तिच्या बाजूनं तीन लावल्या का चौकोन होते. चार झाल्या. मंग त्याच्या बाजूनं पाच लागते. नऊ झाल्या. मंग सात. सोळा. भट्टीवर आमी असाच ओटा करत होतो. आता नऊ लागन. पंचवीस होते. पण मॅडम, दर वक्ती दोनच जास्ती काहून लागते? तीन काहून नाई लागत?’

उत्तर तिला आलेलं होतं. पंचवीस. बोट ठेवायचा अवकाश, हिरवी खूण मिळाली असती. पण तिनं बोट ठेवलंच नाही. ती ‘काहून’पाशी, त्या ‘का’पाशी थांबली होती. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मग ‘टुंग’. मिनिट संपलं, लाल फुली पडली.

‘थांब न बाप्पा,’ ती टॅबला म्हणाली. आणि झाकणं परत वाजायला लागली. टक्, टक्, टक्.

मी जागची हलले नाही. नऊ मिनिटं मी तसंच ऐकलं. मध्येच ती मोजायची, चुकायची, ‘नाई, नाई’ म्हणून सगळं उधळायची. परत मांडायची. आणि मग एकदम तिचा आवाज खाली आला, जवळजवळ कुजबुजल्यासारखा.

‘सापडलं. पाहा, मी सांगतो. मी या अंगानं लावत जातो, कोपऱ्यावर वळतो, मंग त्या अंगानं लावतो. चौकोन मोठा झाला का या अंगाले एक जास्ती लागते, त्या अंगाले एक जास्ती लागते. कोपरा तं एकच राह्यते, तो काई वाढत नाई. म्हून दोन.’ मग एक झाकण टक् वाजलं. ‘म्हंजे हे कधीच सरत नाई, मॅडम. मी म्हातारी झाली तरी दोनच लागन. कोणी कितीबी मोठा ओटा करू द्या.’

मी काय सांगू तुम्हाला? वीस वर्षं मी वर्गसंख्या शिकवत होते. पाच गुणिले पाच पंचवीस, सहा गुणिले सहा छत्तीस — पाठ करून घेत होते. त्या एकमेकींपासून तीन, पाच, सात, नऊ अशा अंतरावर असतात, हे कधी नजरेला आलं नव्हतं. आणि का असतात? मला माहीत नव्हतं. मला! मी कोपऱ्यातला डबा ओढला आणि झाकणं मांडायला लागले. एक. त्याला तीन. त्याला पाच. या अंगाला एक जास्त, त्या अंगाला एक जास्त, कोपरा एकच. दहाच्या ओळीपर्यंत गेले, शंभर झाकणं. दर वेळी दोन. एकदाही चुकलं नाही. मोठ्या खोलीत मी एकटी, पन्नाशीला आलेली बाई, फरशीवर गुडघे टेकून, आणि वाटत होतं — जणू काहीतरी फार मोठं माझ्या अगदी शेजारी वर्षभर बसलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

दहा वर्षांच्या मुलीनं, जिला प्रश्न धड वाचता येत नव्हता, एक गोष्ट शोधून काढली होती. कायमची. कुठल्याही ओट्याला लागू पडणारी. ‘मूल स्वतःच्या ज्ञानाची रचना स्वतः करतं’ — हे वाक्य मी किती माईकसमोर म्हटलं असेल! त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला. देवळात जाऊनही मला कधी इतकं लहान वाटलं नव्हतं. आणि ते लहान वाटणं — कसं सांगू — सुखाचं होतं. थोडा वेळ तरी फक्त सुखाचंच होतं.

तिची आणखी रेकॉर्डिंग्ज होती. मी सगळी ऐकली. एकात पंधरा पेट्यांतली संत्री मोजताना ती आधी दहा पेट्यांची काढते, मग त्याचं अर्धं मिळवते. एकात भागाकार करता करता बाकी उरली म्हणून हळहळते आणि ती बाकी कुणाला द्यावी यावर विचार करते. सगळीकडे ‘टुंग’, आणि ‘टुंग’च्या पुढेही ती बोलतच असते. आणि दर वेळी सुरुवात ‘मॅडम’नं. एकदा म्हणते, ‘मॅडम, काल मी सांगतलं ते तुमी आइकलं असंन. काई बोल्ल्या नाई, तं चुकलंच असंन. आज दुसऱ्या तऱ्हेनं सांगतो.’ आणि बरोबर असलेलं तिनं पुन्हा, नव्यानं, पहिल्यापासून सिद्ध केलं होतं.

शेवटचं रेकॉर्डिंग तपासणीनंतरच्या दिवसाचं होतं. त्यात गणित नव्हतं.

‘मॅडम, मावशीनं मले दिवसभर गोधडीत निजवलं. काढा देल्ला. ती म्हणे अंग तं गार हाये. मी म्हटलं, मॅडमनं हात लावून पाह्यलं. मंग मी इचार केला. तपासाले लोक आल्ते. सगळे पास झाले. मी असती तं सगळे पास नसते झाले. म्हून मले ताप होता.’ आणि मग ती म्हणाली, ‘ते बी बरोबर आलं, मॅडम.’

रडत नव्हती. रुसलेलीही नव्हती. एक गणित सुटलं होतं, ते ती मला सांगत होती.

आता सांगते.

त्याच आठवड्यात वाशीमला सभा होती. तंत्रज्ञान वापरणाऱ्या वर्गात मुलांचं शिकणं कसं मोजावं, यावर मला बोलायचं होतं, आणि मुलांच्या विचारांचा एखादा नमुना सोबत आणा असं सांगितलं होतं. असा नमुना जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे असणार होता? ती नऊ मिनिटं नुसती ऐकवली असती तरी लोक त्या मुलीला शोधत आले असते. पण मग कुणीतरी विचारलं असतं — ही कोण? तपासणीच्या यादीत हिचं नाव का नाही? प्रगतिपुस्तकात तर वेगळंच लिहिलंय! आणि ते शेवटचं रेकॉर्डिंग त्याच टॅबमध्ये होतं. मी फक्त तेवढंच काढून टाकू शकत होते का? शकत होते. पण मला त्या आवाजाचीच भीती वाटली. त्या आवाजाला सगळं कळत होतं.

मी सगळं निवडलं. टॅबनं विचारलं, खात्री आहे? मी ‘होय’ दाबलं.

मला पूर्ण समजलं होतं की मी काय पुसतेय. नकळत झालं नाही ते. घाईत झालं नाही. मी शंभर झाकणं गोळा करून डब्यात भरली, खोलीला कुलूप लावलं आणि साडेपाचची एसटी धरली.

वाशीमच्या सभेत मी वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीचं रेकॉर्डिंग वाजवलं. तिच्याकडून मी ते तीन दिवस पाठ करून घेतलं होतं. टाळ्या पडल्या.

आणि दुर्गाचं प्रगतिपुस्तक. ते अजून माझ्याच कपाटात होतं. आमची शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला ते दुसऱ्या गावी जाणार होतं. त्यात मी डिसेंबरातच यादीतलं वाक्य उतरवलेलं होतं — ‘गणितातील मूलभूत संकल्पना समजण्यास अडचण येते. सतत मदतीची गरज.’ एक ओळ खोडून दुसरी लिहायची होती. पेन हातात होता. मी खाली सही केली.

त्यानंतर माझी बदली मंगरूळपीर तालुक्यात झाली. आता आसेगावच्या बाजूला एका शाळेत आहे. आता मी मुलांजवळ खाली बसते, ‘सांग, कसं काढलंस?’ म्हणते आणि ऐकते. खरोखर ऐकते. रोज कुणीतरी मला थक्क करतं. परवाच एका मुलीनं विचारलं, शून्याला आवाज असता तर तो कसा असता? हे मी भरपाई म्हणून सांगत नाही. कशाची भरपाई? ज्या मुलीनं मला ऐकायला शिकवलं तिला त्याचा काय उपयोग?

गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत ती आली.

सतरा वर्षांची झालेली, सहा वर्षांच्या बहिणीचा हात धरून दारात उभी. ‘मॅडम, वळखलं का?’ मी ओळखलं. बाप आता आमच्याच शिवारात एका शेतावर सालानं, वर्षाच्या बोलीवर कामाला राहतो, म्हणाली. भट्टी सुटली. बहिणीचं नाव पहिलीत टाकायचं होतं. मी बस म्हटलं. ती फरशीवरच बसली आणि भिंतीवरची मुलांची चित्रं बघत राहिली.

‘तू कितवीपर्यंत शिकलीस गं?’

‘सातवी. मंग सोडली.’

‘का?’

‘गणित जमे नाई न मले.’ ती सहज बोलत होती, हसत. ‘पाचवीत गेली तं तिकडच्या सरांनी माह्यं प्रगतिपुस्तक वाचलं. मंग मले मांगं बसवलं, साद्या बेरजा देत. मले आदी वाटे का मले येते. डोक्यात काई काई येत राहे. पण तुमी लिवेल होतं. दुसऱ्या कोणी लिवलं असतं तं मी नसतं मानलं, मॅडम. तुमी तं माह्यं रोज आइकत होत्या.’

खोलीत आम्ही तिघीच होतो. बाहेर कुणी नव्हतं, घाई नव्हती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी विचारलं, ‘बहिणीचं नाव काय लिहू?’

तिनं सांगितलं. मी ते लिहिलं, जन्मतारीख लिहिली, अर्जाला कागद जोडले. दुर्गानं खाली सही केली — वळणदार, सावकाश. मग उठली, बहिणीला म्हणाली, ‘मॅडमच्या पाया पड.’ त्या लहानगीनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मी तो लावू दिला.